डायलिसिसच्या हातातील शीर आणि स्टेंट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचे डायलिसिस हातातील फिस्टुलावर किंवा ग्राफ्टवर चालते, त्यांना कधी ना कधी असे सांगितले जाते की शीर अरुंद झाली आहे, ती फुग्याने उघडावी लागेल आणि कदाचित स्टेंटही टाकावा लागेल. हा निर्णय बहुतेक वेळा घाईतच घ्यावा लागतो. डायलिसिस खोळंबलेले असते, रुग्ण थकलेला असतो आणि नातेवाइकांना नेमके काय विचारावे हे सुचत नाही. ते प्रश्न शांतपणे, आधीच वाचून ठेवता यावेत यासाठी येथे एकत्र केले आहेत. ही माहिती उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र त्यांच्याशी बोलताना तिचा उपयोग नक्कीच होईल.

स्टेंट तर हृदयाच्या धमनीत बसवतात. डायलिसिसच्या हातात त्याचे काय काम?

दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे : अरुंद झालेली नळी आतून आधार देऊन उघडी ठेवणे. फरक आहे तो नळीचा आणि तिच्यातून वाहणाऱ्या रक्ताचा. फिस्टुला म्हणजे हातातील धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडणे. 1966 मध्ये ब्रेशिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटाजवळच्या अशा जोडणीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि आजही डायलिसिससाठी हाच मार्ग बहुतेकदा सर्वांत टिकाऊ ठरतो. ज्यांच्या शिरा बारीक किंवा खराब असतात त्यांच्या हातात धमनी आणि शीर यांच्यामध्ये कृत्रिम नळी बसवतात. तिला ग्राफ्ट म्हणतात. दोन्ही प्रकारांत रक्त शेवटी स्वतःच्या शिरेतूनच हृदयाकडे परतते. बिघाड होतो तो प्रामुख्याने या परतीच्या वाटेवर.

हृदयातील स्टेंट बारीक असतो आणि तो बहुधा चरबीच्या थरांनी अरुंद झालेल्या धमनीत बसतो. हातातील स्टेंट जाड, लवचीक आणि आपोआप उमलणारा असतो, कारण हात वाकतो, दाबला जातो आणि शीर धमनीपेक्षा रुंद असते.

चांगली वाहणारी शीर खराब होतेच कशामुळे?

शीर मुळात कमी दाबाचे, संथ रक्त वाहून नेण्यासाठी घडलेली असते. मनगटाजवळच्या धमनीतून एरवी मिनिटाला वीस-तीस मिलिलिटर रक्त जाते. फिस्टुला केल्यावर तोच प्रवाह 600 मिलिलिटर किंवा त्याहूनही अधिक होतो. या ओघामुळे शीर रुंद आणि जाड होते आणि डायलिसिसला नेमके तेच हवे असते. मात्र जेथे प्रवाह वळतो, आपटतो किंवा भोवऱ्यासारखा फिरतो, तेथे शिरेच्या आतल्या अस्तराला सतत इजा होत राहते. ही इजा भरून काढण्यासाठी शरीर तेथे स्नायुपेशी आणि तंतू यांचा थर चढवते, आणि तो थर वाढत वाढत शिरेची पोकळीच कमी करतो. म्हणजे ही अडचण मुख्यतः व्रणासारख्या ऊतीची असते. खाण्यातील तेलतूप कमी केल्याने ती टळेल असा समज अनेकांना असतो. तसे होत नाही, आणि ती झाली म्हणून रुग्णाने स्वतःला दोष देण्याचेही कारण नाही.

याशिवाय एकाच जागी वारंवार सुया टोचल्याने शिरेची भिंत कमकुवत होते. मानेतून किंवा गळपट्टीच्या हाडाखालून टाकलेले डायलिसिसचे कॅथेटर, म्हणजे लवचीक नळी, छातीतील मोठ्या शिरांना घासत राहते. पेसमेकरच्या तारांमुळेही असेच होते.

शीर अरुंद झाल्याचे घरी किंवा डायलिसिसच्या वेळी कसे ओळखावे?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक रुग्णाने पाठ करावे असे मला वाटते, कारण वेळीच ओळखलेला अडथळा थोडक्या उपचारात सुटतो आणि दुर्लक्षिलेला अडथळा एखाद्या सकाळी फिस्टुला बंद करून टाकतो.

बोटांची टोके फिस्टुलावर हलकेच ठेवली की मांजर गुरगुरताना तिच्या पाठीवर हात ठेवल्यासारखी मंद, अखंड थरथर जाणवते. तिला थ्रिल म्हणतात. रोज सकाळी उठल्यावर ती तपासावी. थरथर अखंड न राहता नाडीसारखे ठणके लागू लागले, तर पुढे कोठेतरी वाट अडली आहे असा त्याचा अर्थ असू शकतो. थरथर अगदीच मंद झाली असेल, तर रक्त आत येण्याच्या बाजूला अडथळा असू शकतो.

दुसरी साधी चाचणी हात वर करण्याची. झोपून किंवा बसून फिस्टुलाचा हात डोक्याच्या वर सरळ उचलावा. निरोगी फिस्टुलाची फुगलेली शीर अशा वेळी बरीचशी बसते, कारण रक्त सहज हृदयाकडे उतरते. शीर तशीच टम्म राहिली, किंवा एका ठरावीक बिंदूपर्यंत टम्म आणि त्यापुढे सपाट दिसली, तर अडथळा त्या बिंदूपाशी असण्याची शक्यता असते. ही चाचणी फिस्टुलासाठी आहे. ग्राफ्टची कृत्रिम नळी हात वर केल्याने बसत नाही.

डायलिसिस चालू असताना दिसणाऱ्या खुणा तंत्रज्ञांच्या लक्षात आधी येतात : तोच पंपाचा वेग आणि तीच सुई असूनही शिरेकडचा दाब आठवड्यागणिक चढत जाणे, सुई टोचताना त्रास होणे, रक्ताच्या गुठळ्या ओढल्या जाणे, डायलिसिसची पुरेशी मात्रा न मिळणे. रुग्णाला स्वतःला कळणारी खूण म्हणजे सुया काढल्यानंतर रक्त थांबायला लागणारा वेळ. एरवी दहा मिनिटांत थांबणारे रक्त वीस मिनिटे, अर्धा तास दाबूनही बोळ्यातून झिरपत असेल, आणि असे लागोपाठ दोन-तीन वेळा घडले असेल, तर ते "आज रक्त जरा पातळ आहे" म्हणून सोडून देऊ नये. हात सुजणे, छातीवर आणि खांद्यावर निळसर शिरांचे जाळे दिसू लागणे, ही छातीतील मोठ्या शिरेच्या अडथळ्याची लक्षणे आहेत.

त्यानंतर कोणत्या तपासण्या होतात?

प्रथम हाताची तपासणी आणि रक्ताचा प्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी, आणि गरज वाटल्यास फिस्टुलोग्राम. फिस्टुलोग्राममध्ये शिरेत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांच्या पडद्यावर जोडणीपासून थेट हृदयापर्यंतची वाट पाहतात. साधारणपणे शीर निम्म्याहून अधिक अरुंद असेल आणि सोबत वर सांगितलेली लक्षणेही असतील, तेव्हाच उपचार करतात. केवळ चित्रात अरुंदपणा दिसला, पण डायलिसिस उत्तम चालले आहे, अशा वेळी शिरेला हात न लावणेच योग्य ठरते. आयोडिनयुक्त रंगद्रव्याची ॲलर्जी असेल, किंवा अजून थोडीफार लघवी होत असेल, तर ते आधीच सांगावे.

फुग्याने शीर उघडता येते, तर मग स्टेंट कशाला?

पहिला उपचार फुग्याचाच असतो आणि बहुतेकांना तेवढा पुरतोही. शिरेतील हा व्रणासारखा अरुंदपणा मात्र चिवट असतो. पडद्यावर पाहिले तर फुगा फुगू लागताच त्याला मध्ये डमरूसारखी कंबर पडलेली दिसते. ती कंबर म्हणजेच अरुंद जागा. दाब वाढवत नेला की एका क्षणी ती कंबर सुटते आणि फुगा सरळ दंडगोल होतो. हृदयाच्या धमनीत सहसा लागत नाही इतका, कधी 20 ते 30 ॲटमॉस्फिअरपर्यंतचा दाब त्यासाठी द्यावा लागतो.

अडचण यानंतरची आहे. काही शिरा रबरासारख्या असतात : फुगा काढताच त्या पुन्हा आकसतात. फुग्यानंतरही 30 टक्क्यांहून अधिक अरुंदपणा शिल्लक राहिला, तर उपचार अपुरा मानला जातो. काही शिरा त्या दिवशी छान उघडतात, पण दोन-तीन महिन्यांतच पुन्हा पूर्वीइतक्या अरुंद होतात. फुग्याने शीर उघडते ती भिंत ताणून आणि थोडी फाडूनच, आणि त्या जखमेवर पुन्हा तोच थर चढू लागतो, हे यामागचे कारण आहे. वारंवार आकसणाऱ्या अशा शिरेला आतून कायमचा आधार देण्याचा विचार तेव्हा पुढे येतो.

फुगवताना शीर फाटली तर काय करतात?

असे कधीकधी घडते, आणि ते घडले म्हणजे कोणाच्या तरी हातून चूक झालीच असे नाही. चिवट अडथळा उघडण्याइतका दाब आणि भिंत फाटण्याइतका दाब यांतील अंतर काही शिरांमध्ये फारच कमी असते. रंगद्रव्य शिरेबाहेर पसरलेले पडद्यावर दिसते आणि हाताला त्या जागी गाठ येऊ लागते. पहिला उपाय म्हणजे तोच फुगा त्याच जागी कमी दाबाने फुगवून काही मिनिटे धरून ठेवणे. छोटी चीर एवढ्याने बंद होते. रक्त तरीही बाहेर येत राहिले, तर कापडासारखे आवरण असलेला स्टेंट तेथे बसवतात. आवरण आतून ठिगळासारखे बसते, गळती थांबते आणि फिस्टुलाही वाचतो. पूर्वी अशा प्रसंगी फिस्टुला बांधून टाकण्याची किंवा तातडीने शस्त्रक्रिया करण्याची वेळ येत असे. स्टेंटच्या उपयोगांपैकी हा उपयोग सर्वांत कमी वादाचा आहे.

स्टेंट कोणत्या प्रकारचे असतात?

मुख्य प्रकार दोन. पहिला केवळ धातूच्या जाळीचा, आणि दुसरा जाळीवर पीटीएफई नावाच्या कृत्रिम पदार्थाचे पातळ आवरण असलेला, ज्याला स्टेंट-ग्राफ्ट म्हणतात. दोन्हींची जाळी बहुतेकदा निटिनॉलची, म्हणजे निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची असते. निटिनॉल आपला मूळ आकार लक्षात ठेवतो : बारीक नळीत दाबून आत नेलेला स्टेंट सोडला की शरीराच्या उष्णतेत आपोआप उमलतो आणि वाकवला तरी पुन्हा गोल होतो. निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी ती आधीच सांगावी.

उघड्या जाळीच्या स्टेंटने शीर त्या दिवशी उघडते, पण व्रणाची ऊती जाळीच्या भोकांतून आत वाढते आणि काही महिन्यांत शीर पुन्हा भरते. आवरण असलेला स्टेंट या वाढीला भिंतीसारखा अडवतो. ग्राफ्ट आणि शीर यांच्या जोडावरील अरुंदपणाबाबत 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 190 रुग्णांच्या अभ्यासात हे स्पष्ट दिसले : सहा महिन्यांनी, केवळ फुगा वापरलेल्यांपैकी 23 टक्के रुग्णांत उपचाराची जागा पुन्हा हस्तक्षेप न करता उघडी होती, तर आवरणाचा स्टेंट बसवलेल्यांत हे प्रमाण 51 टक्के होते. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. फायदा दुपटीहून अधिक आहे, पण स्टेंट बसवूनही जवळजवळ निम्म्या रुग्णांना सहा महिन्यांच्या आत ती जागा उघडी ठेवता आली नाही, हेही त्यातच लिहिलेले आहे. स्टेंट बसला की प्रश्न कायमचा मिटला, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही.

डायलिसिसच्या रक्तमार्गासाठीच्या 2019 च्या केडीओक्यूआय (अमेरिकेतील नॅशनल किडनी फाउंडेशनच्या) मार्गदर्शक तत्त्वांनीही उघड्या जाळीचे स्टेंट टाळावेत आणि गरज असेल तेथे आवरणाचे वापरावेत, हीच दिशा दाखवली आहे.

औषध लावलेला फुगा हा स्टेंटला पर्याय आहे का?

काही रुग्णांसाठी आहे. या फुग्यावर पॅक्लिटॅक्सेल हे पेशींची वाढ रोखणारे औषध असते आणि ते शिरेच्या भिंतीत मुरते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 330 रुग्णांच्या एका अभ्यासात सहा महिन्यांनी औषधी फुग्याच्या गटात सुमारे 82 टक्के आणि साध्या फुग्याच्या गटात सुमारे 60 टक्के फिस्टुलांत उपचाराची जागा उघडी राहिली होती. त्यानंतरच्या दुसऱ्या एका अभ्यासात मात्र असा फायदा आढळला नाही. औषधी फुग्याची जमेची मोठी बाजू ही की शरीरात काहीही कायमचे राहत नाही. शीर साध्या फुग्याने नीट उघडत असेल पण लवकर आकसत असेल, तर त्याचा विचार जरूर करावा. शीर फाटली असेल किंवा फुगा काढताच मिटत असेल, तर त्याचा उपयोग नाही.

स्टेंट कोणत्या जागी चांगला आणि कोणत्या जागी टाळावा?

या पानावरील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. हातातील शिरेची लांबी हे डायलिसिसच्या रुग्णाचे आयुष्यभर पुरवायचे भांडवल आहे. फिस्टुला आज चालू आहे म्हणून पुढील वीस वर्षे तोच पुरेल असे नसते. मनगट, मग कोपर, मग दंड, मग दुसरा हात, अशी वाटचाल अनेकांना करावी लागते. प्रत्येक स्टेंट या भांडवलातील काही सेंटिमीटर कायमचे खर्च करतो. म्हणून "स्टेंट बसेल का" याच्या आधी "तो बसल्यावर पुढची कोणती वाट बंद होईल" हे विचारले पाहिजे.

ग्राफ्ट जेथे शिरेला जोडलेला असतो तो जोड ही स्टेंट-ग्राफ्टची सर्वांत चांगली जागा. तेथे सुया टोचल्या जात नाहीत, अरुंदपणा पुनःपुन्हा तेथेच होतो आणि अभ्यासांचा आधारही याच जागेला सर्वाधिक आहे. पूर्वी बसवलेल्या स्टेंटच्या आतच अडथळा आला असेल, तर तेथेही आवरणाचा स्टेंट उपयोगी पडतो.

दंडाच्या बाहेरच्या अंगाने वर जाणारी सेफॅलिक शीर खांद्यापाशी कमानीसारखी वळून काखेतील मोठ्या शिरेला मिळते. कोपरापाशी केलेल्या फिस्टुलात ही कमान हमखास त्रास देते. येथे फुगा लवकर निकामी ठरतो आणि उघड्या जाळीपेक्षा आवरणाचा स्टेंट अधिक टिकतो. पण येथेच सर्वाधिक काळजीही लागते. स्टेंटचे टोक चार-पाच मिलिमीटर जरी पुढे, काखेच्या मोठ्या शिरेत डोकावले, तरी दंडाच्या आतल्या बाजूची बॅसिलिक शीर ज्या वाटेने रक्त परत नेते तीच वाट अडू शकते. आणि सेफॅलिक फिस्टुला थकल्यावर त्या हातात पुढचा फिस्टुला करायचा असतो तो बहुधा याच बॅसिलिक शिरेवर. आजचा उपचार उद्याची जागा घेऊन बसतो तो असा. कमानीत स्टेंट टाकण्याचे ठरले, तर त्याचे टोक नेमके कोठे संपणार आहे हे डॉक्टरांना पडद्यावर दाखवायला सांगावे.

गळपट्टीचे हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधील चिंचोळ्या फटीत स्टेंट शक्यतो टाळतात. हात हलेल तसा तो दोन हाडांमध्ये चेपला जातो आणि काही काळाने तुटतो. मनगटाजवळच्या फिस्टुलात जोडणीलगत अरुंदपणा असेल, तर जोडणी थोडी वर सरकवण्याची छोटी शस्त्रक्रिया पुष्कळदा अधिक काळ टिकते. ज्या पट्ट्यात रोज सुया टोचल्या जातात, त्या पट्ट्यात स्टेंट नकोच.

स्टेंट बसवलेल्या जागी सुई टोचता येते का?

टोचू नये. सुईने आवरण फाटते, जाळीच्या तारा तुटतात, तुटलेली तार त्वचेकडे सरकते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. स्टेंट कोठून कोठपर्यंत आहे याची आकृती डायलिसिसच्या फाइलमध्ये चिकटवून ठेवावी आणि नवीन तंत्रज्ञ सुई लावायला आले की रुग्णाने स्वतः बोट ठेवून ती जागा दाखवावी. संकोच करू नये. हात आपला आहे.

छातीतील मोठी शीर अडली असेल तर?

या अडथळ्याचे मूळ बहुधा पूर्वीच्या कॅथेटरमध्ये असते. लक्षणे नसतील, तर केवळ चित्रात दिसणाऱ्या अरुंदपणावर फुगा किंवा स्टेंट वापरू नये, कारण हात लावल्यानंतर अशा शिरेचा अरुंदपणा अधिक वेगाने वाढू शकतो. हात किंवा चेहरा सुजला असेल, तर मात्र उपचार हवा. तेथेही सुरुवात फुग्यानेच होते, आणि शीर लगेच आकसली किंवा त्रास फार लवकर परत आला तर स्टेंटचा विचार होतो. स्टेंटने मानेतून येणाऱ्या शिरेचे तोंड झाकले जाऊ नये याकडे लक्ष द्यावे लागते, कारण अडीअडचणीला कॅथेटर टाकण्याची तीच वाट असते.

प्रक्रिया कशी होते आणि दुखते का?

बहुधा जागा बधिर करून, थोडी गुंगी देऊन, क्ष-किरणांच्या पडद्याखाली हे काम होते. फिस्टुलातूनच बारीक नळी आत जाते, तिच्यातून तार अडथळ्यापलीकडे नेतात, फुग्याने जागा उघडतात, शिरेपेक्षा एक-दोन मिलिमीटर रुंद स्टेंट तेथे सोडतात आणि तो आतून पुन्हा फुग्याने नीट बसवतात. अर्धा-एक तास लागतो. अडथळे अनेक असतील तर अधिक. फुगा फुगलेला असताना मिनिट-दोन मिनिटे चांगलेच दुखते आणि फुगा सोडताच ते कमी होते. दुखणे असह्य झाले तर लगेच सांगावे, कारण ते शीर फाटत असल्याचेही लक्षण असू शकते.

पुढचे डायलिसिस कधी करता येते?

सर्व काही सुरळीत झाले असेल, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, स्टेंटची जागा सोडून नेहमीच्या पट्ट्यात सुया लावून करता येते. नव्याने कॅथेटर टाकावे लागत नाही, आणि ते टळणे हाच या साऱ्या खटाटोपाचा मोठा लाभ आहे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात का?

हृदयातील स्टेंटसाठी जसा ठरलेला नियम असतो तसा येथे नाही. काही डॉक्टर काही काळासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल देतात, काही देत नाहीत. मूत्रपिंड निकामी असलेल्यांना रक्तस्रावाचा धोका मुळातच अधिक असतो, त्यामुळे शेजारच्या खाटेवरील रुग्णाला दिली म्हणून गोळी मागू नये, आणि हृदयासाठी आधीपासून चालू असलेली गोळी स्वतःहून बंदही करू नये.

स्टेंटचे धोके कोणते?

बहुतेक वेळा दिसतो तो पुन्हा होणारा अरुंदपणा. आवरणाच्या स्टेंटमध्ये तो मध्यभागी क्वचित, आणि दोन्ही टोकांना, जेथे स्टेंट संपून शीर सुरू होते तेथे, अधिक येतो. दुसरा धोका गुठळी होऊन प्रवाह बंद पडण्याचा. स्टेंट तुटणे, तो जागेवरून सरकणे, शेजारच्या शिरेचे तोंड झाकले जाणे हेही होऊ शकते. सुटलेला स्टेंट हृदयाकडे किंवा फुप्फुसाकडे वाहत जाणे अत्यंत दुर्मीळ आहे, पण गंभीर आहे. स्टेंटचे माप शिरेपेक्षा किंचित मोठे घेण्याचे कारण तेच.

जंतुसंसर्गाबद्दल वेगळे सांगायला हवे. आवरणाचा स्टेंट ही शरीरातील परकी वस्तू आहे आणि तिच्यावर जंतू बसले तर केवळ औषधांनी ते जाणे कठीण असते. कधी शस्त्रक्रिया करून तो भाग काढावा लागतो. म्हणून फिस्टुलावर लाली, पू, उष्णता किंवा थंडी वाजून ताप असताना स्टेंट बसवत नाहीत, आणि बसवल्यानंतर अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी दाखवावे लागते.

एमआरआय करता येतो का?

निटिनॉलला चुंबक ओढत नाही, त्यामुळे बहुतेक स्टेंटसह ठरावीक अटींवर एमआरआय करता येतो. स्टेंटचे कार्ड सोबत न्यावे.

फिस्टुलाची थरथर अचानक थांबली तर स्टेंटने तो पुन्हा चालू होतो का?

थरथर थांबणे म्हणजे आत गुठळी झाली असण्याची दाट शक्यता. पुढच्या डायलिसिसच्या दिवसाची वाट न पाहता लगेच केंद्राला फोन करावा. पहिल्या एक-दोन दिवसांत गुठळी काढणे पुष्कळदा शक्य असते. उशीर होईल तशी ती शिरेच्या भिंतीला घट्ट चिकटत जाते. स्वतःहून हात जोरात चोळू नये, शेकू नये. गुठळी काढल्यावर तिच्यामागे दडलेला अरुंदपणा बहुतेक वेळा सापडतो आणि खरा उपचार त्याच्यावर करावा लागतो. तो नुसता तसाच ठेवला तर फिस्टुला थोड्याच दिवसांत पुन्हा बंद पडतो. स्टेंटची गरज या टप्प्यावर ठरते.

स्टेंटऐवजी शस्त्रक्रियेचा पर्याय असतो का?

असतो, आणि तो विचारलाच पाहिजे. अरुंद भागावर ठिगळ लावून शीर रुंद करणे, जोडणी वर सरकवणे, खांद्याच्या कमानीची शीर कापून ती दंडातील दुसऱ्या शिरेला जोडणे, किंवा खराब तुकडा बदलून तेथे ग्राफ्टचा तुकडा घालणे, असे निरनिराळे मार्ग आहेत. एकाच जागी सहा महिन्यांत दोन-तीनदा फुगा वापरावा लागला असेल, तर पुढचा फुगा, स्टेंट आणि शस्त्रक्रिया या तिन्हींची तुलना करून निर्णय घ्यावा. शक्य असेल तेथे फुग्याचे काम करणारे डॉक्टर आणि फिस्टुला करणारे शल्यचिकित्सक या दोघांचेही म्हणणे ऐकावे, कारण प्रत्येकाला आपल्या हातातील साधन अधिक जवळचे वाटणे साहजिक आहे.

स्टेंट बसवल्यानंतर हाताची काळजी कशी घ्यावी?

पूर्वीसारखीच, पण अधिक नेमाने. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, तेथून रक्त काढू देऊ नये आणि सलाइन लावू देऊ नये. घट्ट बांगडी, घड्याळ किंवा बाही टाळावी. त्या हाताची उशी करून झोपू नये. डायलिसिसच्या आधी हात साबणाने धुवावा. थरथर रोज तपासावी. स्टेंट बसलेला असला तरी ही जबाबदारी संपत नाही, उलट टोकांपाशी नवा अडथळा येत आहे का हे कळण्याचा तोच सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

कोणते कागद जपून ठेवावेत?

स्टेंटचा प्रकार, लांबी, रुंदी आणि बसवल्याची तारीख लिहिलेले कार्ड. फिस्टुलोग्रामची सीडी किंवा चित्रे. आणि कोणत्या तारखेला कोणत्या जागी फुगा वापरला याची हाताने लिहिलेली यादी. ही यादी क्षुल्लक वाटते, पण तारखांमधील अंतर चार महिन्यांवरून दोन महिन्यांवर आले आहे हे तिच्यातच दिसते, आणि त्या जागेचा उपचार बदलायला हवा की नाही हे डॉक्टर बऱ्याच अंशी त्या अंतरावरून ठरवतात. डायलिसिसचे केंद्र बदलताना हे सर्व कागद पहिल्याच दिवशी तेथील डॉक्टरांच्या आणि तंत्रज्ञांच्या हाती द्यावेत, पहिली सुई लागण्याआधी.